यूएसबी मायनर दुपारी बंद पडतो: आधी पाच व्होल्ट बघा, मग पंखा, मग मेगाहर्ट्झ

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन टूपॅक आणि एक कॉम्पॅक एफ, तिन्ही गेकोसायन्स कंपनीच्या बिटकॉइन मायनिंगच्या यूएसबी स्टिका, सात पोर्टच्या पॉवर्ड हबला लावल्यात, हबसोबत आलेला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टरच वापरताय, टूपॅक १५० मेगाहर्ट्झवर आणि एफ ४०० वर. रात्रभर मस्त चालतं, दुपारी बारा-एक वाजले की एफचा हॅशरेट (दर सेकंदाला होणारी हॅशची गणितं) शून्य, सीजीमायनर (मायनिंगचं सॉफ्टवेअर) तिला रिसेट मारतो, पाच मिनिटं चालते, परत शून्य. आणि तुमचं विचारणं असं की कुठला पंखा घेऊ म्हणजे एफ ६०० पर्यंत नेता येईल.

पंख्याचं सांगतो, ६०० चंही सांगतो, पण मला विचाराल तर तुमची एफ तापून नाही, उपाशी राहून बंद पडतेय. मी अकोल्यात या स्टिका चालवतो, इथे मे महिन्यात ४४-४५ डिग्री म्हणजे नेहमीचंच, आणि इतक्या वर्षांत "गरम होऊन बंद पडते" म्हणून माझ्याकडे आलेल्या केसेसपैकी बहुतेक शेवटी पाच व्होल्टच्याच निघाल्या. दुपारी बंद पडते म्हणून आपण उन्हाला दोष देतो, आणि ऊन कारण असतंच, फक्त ते चिपला आधी धरत नाही, अडॅप्टरला धरतं.

हिशोब करून बघा. अडॅप्टर १२ गुणिले २, म्हणजे २४ वॅट. हबच्या आत १२ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट आहे, ते फुकट काम करत नाही, ८५ टक्के धरलं तर हाती २० वॅट उरतात, म्हणजे ५ व्होल्टवर ४ अँपिअर, आणि हे सातही पोर्ट मिळून. आता खाणारे मोजा. माझ्या मीटरवर टूपॅक १५० ला साधारण १.२ अँपिअर घेते, दोन झाल्या २.४, एफ ४०० ला जवळपास २, आणि तुम्ही त्याच हबला तो छोटा यूएसबी पंखा लावलाय त्याचे ०.२. झाले ४.६. म्हणजे तुमचा हब रात्रीसुद्धा ओव्हरलोडच आहे, फक्त थंडाव्यामुळे कसाबसा ओढून नेतोय. दुपारी तोच अडॅप्टर भिंतीला चिकटून ४२ डिग्रीत तापला की त्याची ताकद कमी होते, आणि त्याच वेळी चिपची भूक वाढते, कारण सिलिकॉन तापलं की त्यातून गळणारा करंट वाढतो. माझी एफ रात्री १.९ दाखवते आणि दुपारी त्याच फ्रिक्वेन्सीला २ च्या वर जाते. दोन्हीकडून चेपलं जातं आणि सगळ्यात मोठी खाणारी आधी आडवी होते. म्हणून एफ पडते आणि टूपॅक चालू राहतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. स्टिकमध्ये ५ व्होल्टचा कोअर व्होल्टेज (चिपला लागणारं कमी व्होल्टेज) करणारं बक कन्व्हर्टर असतं, आणि चिपला जितके वॅट लागतात तितके ते कसंही करून ओढतं. पोर्टवर ५ मिळाले तर १० वॅटसाठी २ अँपिअर घेईल, ४.५ मिळाले तर २.२ घेईल. म्हणजे व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, करंट वाढला की वायरीत व्होल्टेज अजून पडतं, मग करंट अजून वाढतो. बल्बसारखं नाही की व्होल्टेज कमी झालं तर मंद जळेल. हे घसरत जातं आणि एका क्षणी धाडकन बंद. म्हणूनच तुम्हाला हॅशरेट हळूहळू उतरताना दिसत नाही, चांगला चालता चालता एकदम शून्य दिसतो.

वायरीचंही तसंच. बाजारात मिळणारी बारीक यूएसबी एक्स्टेन्शन केबल बहुतेक २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), तिच्या एका तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४२. एक मीटर केबलमधून २ अँपिअर नेलात तर ०.८५ व्होल्ट केबलमध्येच गेले, स्टिकला पोचले ४.१५. तीच केबल २० गेजची असेल तर ०.१३ च जातात. "डेटा चालतो, म्हणजे केबल चांगली आहे" असं मानू नका, डेटा आणि पॉवर वेगळ्या तारांमधून जातात.

म्हणून पंख्याच्या आधी एक यूएसबी मीटर घ्या, पोर्ट आणि स्टिकच्या मधे बसणारा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारा. एकेक स्टिक सुरू करत जा आणि एफवरचं व्होल्टेज बघा. तिन्ही चालू असताना ४.७५ च्या वर असेल तर ठीक, ४.६ च्या खाली असेल तर रोग तिथेच आहे, पुढे काही शोधू नका. मीटर स्वतःही थोडं व्होल्टेज खातो हे लक्षात ठेवा, काही वेळा तर मीटर मधे लावल्यामुळेच स्टिक बंद पडते आणि माणूस गोंधळतो.

आता पोर्टचं. साध्या यूएसबी-ए कनेक्टरची पिन मुळात दीड-एक अँपिअरच्या हिशोबाने बनलेली. २०१३ साली एएसिकमायनरच्या ब्लॉक इरप्टर आल्या तेव्हा ३३३ मेगाहॅश आणि अडीच वॅट, म्हणजे अर्धा अँपिअर, यूएसबी २.० च्या नियमात अगदी बसणाऱ्या. तुमची एफ ४०० ला २६९ गिगाहॅश करते, ८०० पट काम, आणि प्लग मात्र तोच. पिनमधला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो. थोडी झिजलेली, धूळ बसलेली पिन ०.१ ओहम धरा, १ अँपिअरला ०.१ वॅट, कुणाला कळतही नाही. ३ अँपिअरला ०.९ वॅट, तांदळाएवढ्या पत्र्यावर. माझ्या एका हबचं असंच झालं होतं. तीन दिवस हार्डवेअर एरर (चिपने दिलेली चुकीची उत्तरं) वाढत होते, मी वेड्यासारखा फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करत बसलो, शेवटी स्टिक उपसली तर प्लगच्या टोकाची पांढरी प्लास्टिकची जीभ व्हीबसच्या (पाच व्होल्टच्या) पिनेपाशी बिस्किटासारखी तपकिरी झालेली, त्या पिनेवरचा सोनेरी मुलामा उडून काळा डाग, आणि जळक्या प्लास्टिकचा वास. पोर्टच्या आतही तोच डाग. तेव्हापासून दर महिन्याला स्टिका काढून टॉर्चने पिना बघतो, आणि काळपट पोर्ट दिसला की त्यावर टेप लावून तो कायमचा बंद. जळक्या पोर्टात दुसरी स्टिक लावाल तर तिचाही प्लग खराब होईल.

उपाय दोन आहेत. सोपा म्हणजे ६० वॅटचा किंवा त्याहून मोठा अडॅप्टर येणारा, दर पोर्टला अडीच-तीन अँपिअर देऊ शकणारा हब घ्या. पोर्ट किती आहेत ते बघू नका, अडॅप्टरवर छापलेले वॅट बघा आणि त्यातले ७० टक्केच वापरायचे असं ठरवून घ्या, उन्हाळ्यात हे लागतंच. मी वापरतो तो दुसरा उपाय. ५ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मीनवेलचा एलआरएस-५०-५ येतो १० अँपिअरचा, तुमच्या तीन स्टिकांना रग्गड. त्याला व्होल्टेज थोडं कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो मी ५.१ वर ठेवतो, जास्त नाही. मग एक वीतभर लांबीची जाड केबल घेऊन तिची लाल तार मधे तोडायची, स्टिककडचं लाल टोक फ्यूजमधून एसएमपीएसच्या प्लसला, काळी तार न तोडता एसएमपीएसच्या मायनसलाही जोडायची, डेटाच्या दोन तारांना हात लावायचा नाही. ग्राउंड कॉमन नसेल तर स्टिक दिसणारच नाही, आणि लाल तार तोडली नाही तर एसएमपीएस तुमच्या कॉम्प्युटरलाच उलटा करंट पाठवेल. पहिल्यांदा स्टिक न लावता मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा, इथे उलटं झालं तर स्टिक क्षणात जाते. आणि एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, त्यावर झाकण, अर्थिंगची तार जोडलेली, आणि घरात लहान मुलं असतील तर सगळं डब्यात. हे जमणार नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

तुम्ही पुढे रास्पबेरी पाय घ्यायचं म्हणताय, घ्या, लॅपटॉप चोवीस तास चालवण्यापेक्षा कधीही चांगलं, पण त्याच्या पोर्टात थेट एकही स्टिक लावू नका. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे, एक टूपॅकच ती खाऊन टाकते.

बरं, आता गारवा. पॉवर नीट झाल्यावर एफ कदाचित दुपारीही चालेल, पण १० वॅट इतक्या लहान हीटसिंकमधून आपोआप निघून जाणार नाहीत, हवा मारावीच लागते. हीटसिंकचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक एक ठरावीक फरक, तो फरक वॅटवर आणि हवेच्या वेगावर ठरतो. माझ्या मांडणीत हा फरक २२ चा आहे. खोली ३० असेल तर सिंक ५२, खोली ४२ असेल तर ६४. चिपचं आतलं तापमान त्याहूनही वर. म्हणून पुण्यात कुणाची ५५० ला चालते म्हणून माझी अकोल्यात का नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याची खोली बारा डिग्री थंड आहे. कुणी आपला आकडा सांगितला की आधी त्याच्या खोलीचं तापमान विचारत जा.

त्या यूएसबी पंख्याऐवजी १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा कॅबिनेट फॅन घ्या, आणि त्याला वेगळा अडॅप्टर द्या, स्टिकांच्या हबवर अजिबात नको. जुन्या राउटरचा ९ किंवा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडलेला असतोच, ९ वर फॅन आवाजही कमी करतो. हवा हीटसिंकच्या पट्ट्यांच्या दिशेने गेली पाहिजे, आडवी आपटून परत येता कामा नये. स्टिका एकमेकींना चिकटून लावू नका, मधे एक पोर्ट रिकामा, नाहीतर पहिलीची गरम हवा दुसरीला मिळते. एफला पंख्याच्या सगळ्यात जवळ ठेवा. आणि हब कपाटाच्या कप्प्यात असेल तर बाहेर काढा, बंद कप्प्यात पंखा लावणं म्हणजे तीच गरम हवा ढवळत बसणं.

आपल्याकडच्या माणसाला हमखास सुचणारी गोष्ट म्हणजे कूलरसमोर ठेवणं. नका करू. कूलरची हवा ओलसर, आणि बोअरचं पाणी असेल तर तिच्यासोबत क्षार उडून येतात. मी एक उन्हाळा हे करून बघितलं, जूनमध्ये हीटसिंकच्या पट्ट्यांवर पांढरी पावडर जमली होती, नखाने खरवडली तर निघेना, बोर्डावरच्या बारीक कॉम्पोनंटच्या पायांपाशी हिरवट डाग. ती स्टिक वाचली, पण आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश घेऊन एक अख्खा रविवार गेला. कूलर खोलीत असू दे, पण स्टिका त्याच्या झोतात नकोत.

तापमान मोजायला बरेच जण लेझर टिपका मारणारं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतात आणि सिंक ३८ डिग्री बघून खूश होतात. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते चुकतं, बरंच कमी दाखवतं. सिंकच्या सपाट भागावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, मग त्या टेपवर मोजा. किंवा मल्टिमीटरसोबत थर्मोकपलची वायर मिळते, तिचं टोक टेपने चिकटवा. मी सिंक ६५ च्या वर जाऊ देत नाही, हा माझा नियम आहे, कंपनीचा नाही.

आता तुमचं ६००. एफमध्ये बीएम१३९७ चिप आहे, अँटमायनर एस१७ या मोठ्या मायनिंग मशीनच्या पिढीची. हॅशरेट काढायला मेगाहर्ट्झला ६७२ ने गुणा, ४०० ला २६९ गिगाहॅश, ६०० ला ४०३. टूपॅकमध्ये दोन बीएम१३८४, एस५ वाल्या, तिथे ११० ने गुणा, १५० ला साडेसोळा. हे गुणाकार पाठ ठेवा कारण ओव्हरक्लॉक (वाढवलेली फ्रिक्वेन्सी) खरंच लागला की नाही हे त्यावरूनच कळतं. आणि वॅट कसे वाढतात तर फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ४०० वरून ६०० म्हणजे दीडपट, पण ६०० ला चिप तेवढ्या व्होल्टेजवर टिकत नाही, समजा १५ टक्के वाढवावं लागलं, त्याचा वर्ग १.३२, दोन्हीचा गुणाकार झाला जवळपास दोन. म्हणजे हॅश दीडपट आणि वॅट दुप्पट, २ अँपिअरची एफ ४ अँपिअर मागणार, त्याच दीड अँपिअरच्या पिनेतून, आणि माझा २२ चा फरक होणार ४४, म्हणजे ४२ डिग्रीच्या खोलीत सिंक ८६. तुम्हीच सांगा, टिकेल? जानेवारीत, जाड केबल आणि दणदणीत पंखा लावून ५०० च्या आसपास जा, माझा विरोध नाही. मे महिन्यात ६०० नको.

चढवायची पद्धत सांगतो. एका वेळी २५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक पायरीवर निदान एक तास. लोक दहा मिनिटांत हिरवं दिसलं की पुढे सरकतात, हीटसिंकला स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. बघायचं काय, तर पूलवरचा (बरेच जण मिळून मायनिंग करतात त्या सर्व्हरवरचा) हॅशरेट नाही. तो शेअर (पूलला पाठवलेली उत्तरं) किती सापडले त्यावरून काढलेला अंदाज असतो, लहान मायनरचा तो नशिबाने वर-खाली उड्या मारतो. सीजीमायनरच्या स्क्रीनवर डब्ल्यूयू बघा, मिनिटाला डिफिकल्टी एकचे (सगळ्यात सोप्या पातळीचे) किती नॉन्स, म्हणजे बरोबर उत्तरं, सापडले त्याचा आकडा. डिफिकल्टी एकला सरासरी २ चा ३२ वा घात इतके हॅश लागतात, म्हणजे ४.२९५ गिगाहॅश. तेव्हा तुमच्या टूपॅकचा डब्ल्यूयू १५० ला २३० च्या जवळ आणि एफचा ४०० ला ३७५५ च्या जवळ यायला हवा. स्क्रीनवर ४५० लिहिलंय आणि डब्ल्यूयू ४०० वालाच दाखवतोय तर वाढवलेले ५० मेगाहर्ट्झ फुकट गेले, चिप नुसती वीज खातेय. सोबत एचडब्ल्यू म्हणजे हार्डवेअर एरर, ते एकूण नॉन्सच्या एक टक्क्याच्या वर गेले की मी एक पायरी खाली येतो आणि तिथेच राहतो. गेकोचा ड्रायव्हर चिप मागे पडतेय असं दिसलं की स्वतःच फ्रिक्वेन्सी उतरवतो, त्यामुळे आपण दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष चाललेला आकडा एकच आहे असं धरून चालू नका.

टूपॅकवर कोअर व्होल्टेजचा बारीक स्क्रू आहे, त्याला हात लावायच्या आधी मल्टिमीटरने कोअर व्होल्टेज मोजून कागदावर लिहून ठेवा. प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर, केसभर फिरवणं, परत मोजणं, एका वेळी १०-२० मिलिव्होल्ट, बस. तो स्क्रू गोल गोल फिरत नाही, टोकाला अडतो, जोर लावलात तर तुटतो. आणि उलटंही करून बघा, मला तर तेच जास्त आवडतं: १०० मेगाहर्ट्झवर ठेवून व्होल्टेज कमी कमी करत एरर कुठे सुरू होतात ते शोधायचं. ११ गिगाहॅश मिळतात, हीटसिंक हाताला कोमट लागतं, आणि अशा स्टिका वर्षानुवर्षं चालतात.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण वाढीव ओव्हरक्लॉकमागे बहुतेक वेळा तीच आशा असते. ४०० गिगाहॅशने सोलो, म्हणजे पूलशिवाय एकट्याने, करायचं आणि जगभरचं नेटवर्क ८०० एक्झाहॅश (एक एक्झा म्हणजे एक अब्ज गिगा) धरलं, तर ब्लॉक लागायची सरासरी वाट साधारण ३८ हजार वर्षं. २६९ ला ती साडेछप्पन्न हजार. एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर (ब्लॉकचं बक्षीस निम्मं झाल्यावर) ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, लागला तर आयुष्य बदलेल हे खरं, पण त्यासाठी स्टिक जाळणं पटत नाही. १२ वॅटचं बिल महिन्याला साडेआठ-नऊ युनिट येतं, तेवढ्यात हॅश म्हणजे काय, पॉवर म्हणजे काय, हे हाताने शिकता येतं, मी माझ्या पुतण्याला ओहमचा नियम याच स्टिकांवर शिकवला.

तर तुम्ही नवीन हब किंवा एसएमपीएस येईपर्यंत एवढंच करा. यूएसबी पंखा त्या हबवरून काढा, दोन्ही टूपॅक १०० वर आणा, एफ ३०० वर, म्हणजे २०० गिगाहॅश. अडॅप्टर भिंतीपासून सोडवून हवेत ठेवा. सकाळी दहाला ३०० आणि रात्री दहाला ४०० अशा दोन वेगवेगळ्या सेटिंगने सीजीमायनर परत सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून शेड्यूलरला लावली तर उठून बघायलाही लागणार नाही, माझ्याकडे मार्च ते जून असंच चालतं. आणि मीटर आला की दुपारी दोन वाजताचे तीन आकडे लिहून पाठवा: एफच्या पोर्टवरचे व्होल्ट, अँपिअर, आणि टेपवर मोजलेलं सिंकचं तापमान. ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला नेमक्या कुठल्या मॉडेलचा कॅबिनेट फॅन घ्या ते सांगणार नाही.